गौरीच्या गणिताबद्दल दत्ताला पत्र

कर्वेनगर, पुणे

प्रिय दत्ता,

परवा फोनवर तू म्हणालास, "गौरी अकरावीला गणित सोडायचं म्हणतेय, सोडू दे का?" तेवढ्यात लाईन तुटली. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय. हे फोनवर सांगून उलगडायचं नाही, म्हणून लिहायला बसलो.

आमच्या ओंकारचं तुला अर्धंच ठाऊक आहे. आम्ही त्याला टाय-अपवाल्या, म्हणजे खाजगी क्लासशी जोडलेल्या कॉलेजात घातलं. क्लासवाल्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, बोर्डाचं टेन्शन घेऊ नका, जेईईकडे, म्हणजे इंजिनिअरिंगच्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेकडे बघा. आम्ही मान डोलावली. दोन वर्षांत इंग्रजीचं पुस्तक घरात कुणी उघडलं नाही, प्रॅक्टिकलच्या वह्या शेवटच्या आठवड्यात भरल्या. जेईई मेनला पर्सेंटाइल छान आला, पेढे वाटले. मग बारावीचा निकाल लागला. एनआयटीला, म्हणजे केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजांना, बारावीत ७५ टक्के लागतात (एससी-एसटीला ६५), नाहीतर आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे वरच्या वीस टक्के मुलांत यावं लागतं. हे टक्के काढतात पाच विषयांवर: फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, एक भाषा आणि आणखी एक विषय. ५०० पैकी ३७५ हवे होते, ओंकारचे ३७१ भरले. वरच्या २० मध्येही तो बसला नाही. चार गुण, दत्ता. एकट्या इंग्रजीत निघाले असते. त्या रात्री तो गच्चीवर जाऊन बसला आणि मी जिन्यात उभा राहिलो, वर जायचा धीर होईना. पोराची काय चूक? नियम वाचायचं काम बापाचं होतं.

म्हणून तुला सांगतो, "बारावीचे गुण धरतात का?" असं मोघम विचारू नकोस. कुठल्या कोर्सला, कुठल्या विषयांचे, आणि कशासाठी धरतात, ते विचार.

राज्यातल्या इंजिनिअरिंगचं बघ. तिथं बारावीचे गुण फक्त पात्रतेपुरते: फिजिक्स, गणित आणि तिसरा विषय म्हणजे केमिस्ट्री, बायोलॉजी वगैरे, मिळून ४५ टक्के, राखीव गटाला ४०. यादी लागते सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पर्सेंटाइलवर. बारावीला ६० टक्के असोत की ९०, त्यानं नंबर वर सरकत नाही. सीईटीचा पेपर २०० गुणांचा. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे ५० प्रश्न मात्र दोन-दोन गुणांचे. म्हणजे निम्मा पेपर गणिताचाच! चुकल्याला गुण कापत नाहीत, आणि सुमारे ८० टक्के भाग बारावीचा असतो.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे वहिनींनाही सांग. ९७ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले ९७ जण आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी. एक लाख मुलं बसली तर तीनेक हजार आपल्या पुढं असतात. हा हिशोब आम्हाला फार उशिरा कळला.

मेडिकलला पुन्हा वेगळं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत मिळून ५० टक्के, राखीव गटाला ४०, आणि मग सगळं 'नीट' या प्रवेश परीक्षेवर. त्यात ७२० पैकी ३६० गुण बायोलॉजीचे. फार्मसीला गणित किंवा बायोलॉजी, काहीही चालतं. साध्या बी.एस्सी.ला बहुतेक कॉलेजांत बारावीच्या गुणांवरच यादी लागते, तिथं मराठीचा पेपरही कामाला येतो.

आता खरं सांगायचं ते आर्किटेक्चरचं. मागच्या दिवाळीत गौरीनं तुमच्या जुन्या वाड्याचं चित्र काढून मला दाखवलं होतं, जिन्याचा वळसा आणि तुळईची जाडी अगदी बरोबर होती. नजर आहे पोरीला. आर्किटेक्चरला राज्याच्या गुणवत्ता यादीत 'नाटा' या प्रवेश परीक्षेचे निम्मे आणि बारावीचे निम्मे धरतात. तिथं बारावीचा एकेक गुण मोलाचा. पण फिजिक्स आणि गणित घेतल्याशिवाय त्या दारात उभंच राहता येत नाही. गणित सोडलं तर ती वाट आत्ताच, पंधराव्या-सोळाव्या वर्षी बंद होईल, आणि तिला ते कुणी सांगणारही नाही.

माझं मत स्पष्ट आहे: गणित आणि बायोलॉजी दोन्ही घेऊ दे. भाषेच्या जागी दोनशे गुणांचा बायफोकल, म्हणजे व्यवसाय शिक्षणाचा विषय घेतला की एकूण टक्के वाढतात, असं कुणीतरी सांगेल. पण तो घेतला की विज्ञानाच्या चौथ्या विषयाची जागाही जाते, म्हणजे बायोलॉजी सुटते. टक्क्यांसाठी तो घेऊ नका, आवड असेल तर घ्या. आणि तिला गणिताची भीती कशानं वाटते, ते आधी शांतपणे विचार. दहावीला भूमितीत कमी पडले म्हणालास ना? चित्रातलं प्रमाण जिला डोळ्यानं कळतं, तिला भूमिती जमत नाही हे मला पटत नाही. शिकवण्यात काहीतरी राहिलंय.

ओंकार इथंच इंजिनिअरिंगला लागलाय, सीईटीवर. आता बरा आहे. गौरीला गणित दाखवीन, असं तो आपणहून म्हणाला.

अर्जात विषय भरायच्या आधी दोन दिवस पोरीला घेऊन इकडे ये. गुणपत्रिका आण, आणि ते वाड्याचं चित्रसुद्धा. वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर