नाव उलटं करून

पुणे,
८ जून २०२५

प्रिय मनू,

तुझं पत्र परवा मिळालं. गोष्ट लिहून चार महिने झाले आणि ती अजून कपाटातच आहे, हे वाचून जीव चुटपुटला. ‘नाव नसलेल्या माणसाचं कोण वाचणार?’ असं विचारतेस. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर गेल्याला वीस दिवस होत आले. तेव्हापासून मी त्यांचंच काही ना काही वाचतेय, त्यामुळे तुझ्या प्रश्नाला उत्तर म्हणून तेच आठवले. त्यांची अडचण तुझ्या नेमकी उलट होती.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथांची स्पर्धा जाहीर केली. नारळीकर केंब्रिजहून परतून मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले त्याला दोनच वर्षं झाली होती. वय छत्तीस, पद्मभूषण मिळूनही नऊ वर्षं लोटलेली. अहमदाबादच्या एका परिसंवादात व्याख्यान फार कंटाळवाणं चाललं होतं, तेव्हा त्यांनी बसल्या जागी गोष्ट लिहायला घेतली. विषय रोजच्या अभ्यासातलाच, कृष्णविवर. त्याच्याजवळ घड्याळ मंद चालतं, म्हणजे तिथून परतणाऱ्याचा थोडा काळ जातो आणि मागे राहिलेल्यांचा फार. मला तर यात विज्ञानाइतकीच ताटातूट दिसते.

गोष्ट झाली, पण स्वतःच्या नावानं पाठवली असती तर परीक्षकांनी आधी नावच वाचलं असतं. म्हणून ‘जयंत विष्णू नारळीकर’ची आद्याक्षरं उलटी करून ते झाले ‘नारायण विनायक जगताप’! आयोजकांना त्यांचं अक्षर ओळखीचं होतं, म्हणून त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी अख्खी कथा स्वतःच्या अक्षरात उतरवून दिली. त्या स्वतः गणिती. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं.

या आद्याक्षरांचं मला फार वाटतं. बनारसच्या घरात भिंतीवर फळा होता. शिकायला येऊन राहिलेला मोरूमामा त्यावर ‘जे. व्ही. एन.’साठी गणिताचं कोडं लिहून ठेवायचा आणि ते सुटेपर्यंत किंवा भाच्यानं हार मानेपर्यंत पुसायचा नाही. पुन्हा एकदा स्वतःला जोखायची वेळ आली, तेव्हा त्यांनी तीच तीन अक्षरं फिरवून घेतली.

शास्त्रज्ञानं गोष्टी लिहिण्यात त्यांना कमीपणा वाटला नसावा, कारण त्यांचे गुरू फ्रेड हॉएल कादंबऱ्या लिहीत. आपल्याकडे मात्र कुणीतरी हे मनापासून वाचायला हवं होतं. १९७५ च्या कराड साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी त्यांच्या कथेची दखल घेतली. ‘किर्लोस्कर’ मासिकाच्या मुकुंदराव किर्लोस्करांनी आणखी कथा मागितल्या. ‘यक्षांची देणगी’ हे त्यांच्या कथांचं पुस्तक १९७९ चं. आपण ते वाचनालयातून आळीपाळीनं आणायचो, आठवतं? तू रात्री गच्चीवर बसून व्याध दाखवायचीस, तेव्हापासून तुझ्या डोक्यात गोष्टी आहेत.

तुला नावाची काळजी वाटते. त्यांनी तर असलेलं नाव बाजूला काढून ठेवलं होतं. मग वाचणाऱ्यापुढे फक्त गोष्टच उरली, आणि ती पुरली. तुझीही पुरेल, मी पहिली सात पानं वाचली आहेत.

पुढच्या रविवारी मी नाशिकला येतेय. वही काढून ठेव. तुझं अक्षर कुणाला लागत नाही, म्हणून उतरवून मी देईन. दोन रिफिल घेऊन येते.

तुझी,
शुभा