कूपरस्टाउनला जुलैत नको, ऑक्टोबरात जाऊ

सिअ‍ॅटल,
मे २०२६

ती. बाबा आणि आई,
सा. न.

कूपरस्टाउनचं जुलैचं बुकिंग मी रद्द केलं. हे आधीच लिहून टाकते, कारण फोनवर सांगितलं असतं तर बाबा नुसतं "बरं" म्हणाले असते आणि फोन आईच्या हातात दिला असता. दादाशी बोलले आहे, त्यालाही पटलंय. आम्हा दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत होणं किती दुर्मिळ आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा ते हलक्यात घेऊ नका.

बाबा, आता कारणं. बेल्ट्रानला ज्या सोहळ्यात बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये घेणार आहेत, तो हॉल ऑफ फेमच्या इमारतीत नसतोच. तो क्लार्क स्पोर्ट्स सेंटरच्या मोकळ्या हिरवळीवर असतो, जुलै अखेरच्या रविवारी, भर दुपारी, आणि खुर्च्या आपापल्या वागवत न्यायच्या. गावाची वस्ती दोन हजारांच्याही आत. २००७ मध्ये रिपकेन आणि ग्विन या खेळाडूंना घेतलं, तेव्हा तिथे अंदाजे पंचाहत्तर हजार माणसं लोटली होती. यंदा तेवढी नसतील, पण गाडी कुठेतरी लांब लावून चालावं लागणारच. गेल्या वर्षी आपल्या न्यूयॉर्क मेट्सच्या मैदानात, सिटी फील्डच्या रॅम्पवर तुम्हाला घेरी आली, तेव्हा आईने धरलं म्हणून निभावलं. डॉक्टरांनी उन्हाबद्दल काय सांगितलं ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त पाठ आहे. आणि चार तास गाडी तुम्ही चालवणार, हे तर मला ऐकायचंही नाही.

मला माहीत आहे, तुम्ही म्हणाल, "ज्याच्यावरून वीस वर्षं भांडलो त्याचा दिवस तरी बघू दे." खरंय. बेल्ट्रानवरून या घरात जितका वाद झाला तितका दादाच्या लग्नावरूनही झाला नसेल. २००६ च्या ऑक्टोबरात मेट्स आणि कार्डिनल्सच्या सातव्या सामन्यात, शेवटच्या इनिंगमध्ये, तिन्ही बेस भरलेले, दोन बाद, आणि कार्डिनल्सच्या वेनराइटचा तो वळणारा चेंडू, तो कर्व्ह. बेल्ट्रान बॅट खांद्यावर ठेवून बघत राहिला, बाद झाला आणि मेट्सचा मोसम संपला. बाबा, तुम्ही त्यावर इतकी वर्षं एकच वाक्य बोललात: "अरे, फिरव तरी!" आईचं म्हणणं बरोबर उलटं. एका चेंडूवरून माणूस तोलायचा नाही, पण ह्यूस्टनच्या संघात असताना २०१७ मध्ये प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरण्याच्या प्रकरणात त्याचं नाव आलं, ते मात्र आईच्या हिशेबात बसेना. मेट्सनी त्याला मॅनेजर केलं आणि एकही सामना न खेळवता तो पायउतार झाला, तेव्हा आई म्हणाली, "बघितलंस?"

आणि दर जानेवारीत हॉल ऑफ फेमची मतं जाहीर झाली की मी दोघांच्या मध्ये. त्याचे चारशे पस्तीस होम रन, तीनशेच्या वर चोरलेले बेस आणि सेंटर फील्डमधली ती सहज धाव. २०२३ मध्ये त्याला ४६.५ टक्के मतं पडली, पुढे ५७.१, मग ७०.३ आणि यंदा ८४.२. निवडीसाठी लागणारी पंचाहत्तर टक्क्यांची रेघ ओलांडली त्या रात्री बाबा, तुमचा फोन आला. तुम्ही अभिनंदन असं केलंत जसं काही मीच निवडून आलेय. आपण घरी मतं टाकायचो त्या फ्रिजवरच्या कागदावर तुम्ही त्याला एकदाही मत दिलं नव्हतं, हे मी त्या रात्री काढलं नाही. आता काढतेय.

तो कागद आठवला की मला अजून फ्लशिंगचं ते स्वयंपाकघर दिसतं. डिसेंबरात बाबा पेपरमधली यादी उतरवून काढायचे, दहापेक्षा जास्त नावांवर खूण करायची नाही, खऱ्या मतदारांसारखंच. मतदार म्हणजे दहा वर्षं बेसबॉलवर लिहिलेले पत्रकार, हे तुम्ही मला समजावलं होतंत, आणि मी विचारलं होतं, "मग आपल्याला कोण विचारतंय?" तुम्ही म्हणालात, "विचारलं नाही म्हणून मत नसतं का?" त्या नियमात खेळाडूच्या विक्रमांबरोबर सचोटी आणि चारित्र्य हे शब्दही आहेत. त्या दोन शब्दांवर आईने उत्तेजकांचा आरोप असलेल्या बॅरी बाँड्सला, यादीत राहता येतं ती दहाही वर्षं अडवलं. ७६२ होम रन असोत नाहीतर सातशे साठ हजार, तिच्या पेनातली शाई हलली नाही. २०२२ ला तो ६६ टक्क्यांवर संपला, आणि त्याच वर्षी, ज्याच्यावरही तसाच संशय होता तो डेव्हिड ऑर्टिझ पहिल्याच फटक्यात आत गेला. त्यावरून दादा आणि आईचं जे झालं ते लिहीत नाही. मला विचाराल तर पत्रकारांना न्यायाधीश करायलाच नको होतं. पण मग हिवाळ्यात आपण बोललो असतो कशावर?

बाबांचं खरं दुःख मेट्सचा कीथ हर्नांडेझ. क्षेत्ररक्षणाचे अकरा गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार, आणि २००४ मध्ये पाच टक्के मतंसुद्धा नाहीत म्हणून यादीतून कायमचा बाहेर. पहिल्या बेसवर तो झुकून चेंडू उचलायचा तेव्हा तुम्ही मेट्सच्या जुन्या मैदानात, शे स्टेडियमच्या वरच्या मजल्यावर उभे राहायचात. मागच्या लोकांची बडबड तुम्हाला ऐकूच यायची नाही, कारण नेमकं तेव्हाच लाग्वार्डियाचं विमान डोक्यावरून जायचं.

रविवार असला की सकाळी बाउन स्ट्रीटवरचं गणपतीचं देऊळ, तळघरातल्या कॅन्टीनचा डोसा, मग सात नंबरची ट्रेन. आईच्या पिशवीत पोळीत गुंडाळलेली बटाट्याची भाजी. मेट्सच्या कुणी होम रन मारला की मैदानातल्या मोठ्या टोपीतून ते मोठं लाल सफरचंद वर यायचं. मला वाटायचं, आत कुणीतरी माणूस बसलाय. त्याला जेवायला मिळतं का, म्हणून मी रडले होते. बाबा, तुम्ही तेव्हा मला खांद्यावर घेऊन सांगितलंत, "त्याच्यासाठी आईने एक पोळी ठेवलीय." मला ते पुष्कळ मोठी होईपर्यंत खरं वाटत होतं.

आणि ८६ चा ऑक्टोबर. मेट्स आणि बॉस्टनची वर्ल्ड सिरीज, सहावा सामना, दहावी इनिंग, दोन बाद, दोन रन मागे, बेसवर कुणी नाही. आईने देव पाण्यात ठेवले. मग एकामागून एक तीन हिट, आणि आपल्या मुकी विल्सनचा तो घरंगळता चेंडू बॉस्टनच्या बकनरच्या पायांमधून गेला. रविवारी पाऊस पडला, सातवा सामना सोमवारवर गेला, आणि बिचारे देव दोन दिवस पाण्यातच. सोमवारी रात्री जिंकल्यावर आईने त्यांना पुसून गूळखोबरं दाखवलं. आई, नास्तिक बाबांनी त्या रात्री हात जोडले होते, मी दारातून पाहिलंय.

तर आता ऐका, काय ठरवलंय ते. जुलैतल्या त्या शनिवार-रविवारी मी क्वीन्सला येतेय. सोहळा टीव्हीवर थेट दाखवतात. आपण गार खोलीत बसून बघू, बाबांना वाटेल तेव्हा आवाज बंद करता येईल, आणि भाषण लांबलं तर झोपता येईल. तोवर एसीची जाळी दादा साफ करून देईल. ऑक्टोबरात, शाळा सुरू झाल्यावर, मधल्या वारी आपण सगळे कूपरस्टाउनला जाऊ. गर्दी नसते, पानं लाल झालेली असतात, आणि तोवर बेल्ट्रानची पाटी भिंतीवर लागलेली असेल. मेट्सच्या टॉम सीव्हरच्या पाटीसमोर हवा तितका वेळ उभे राहा, कुणी पुढे सरका म्हणणार नाही. व्हीलचेअर मी बोलून ठेवेन. नको म्हणू नका, तुम्ही बसू नका हवं तर, आईची पर्स ठेवा तिच्यात.

आई, तुझ्यासाठी तळमजल्यावरची खोली बघितली आहे, जिने नाहीत. सकाळचा चहा आपला आपण करू, किटली घेऊन येते. आणि वेस्ट कोस्टचे सामने बाबांना रात्री एकपर्यंत ऐकू देऊ नकोस. निकाल सकाळीही तोच असतो. त्यांची रक्तदाबाची गोळी डब्यात वारानुसार भर, त्यांच्यावर सोपवू नकोस. पाण्याची बाटली घेतल्याशिवाय देवळातसुद्धा जायचं नाही. गुडघ्याचे व्यायाम तूही कर, मला व्हिडिओ पाठव. "केले" असं नुसतं लिहून चालणार नाही.

राहता राहिली गाडी. दादा शनिवारी येतोय. बाबा, दुसरी किल्ली त्याच्याकडे द्या. गाडी कुठे जात नाहीये, अंगणातच राहील. बाजारहाट, देऊळ, डॉक्टर, सगळीकडे तो नेईल, आणि वाटेत शहरातल्या दुसऱ्या संघाबद्दल, यांकीजबद्दल, बोलणार नाही असं त्याने मला कबूल केलंय. किल्ली मुकाट्याने दिलीत तर पुढच्या जानेवारीत मेट्सच्या डेव्हिड राइटला माझंही मत. सॅन फ्रान्सिस्कोचा पोझी पहिल्यांदा यादीत येतोय, त्याच्याबद्दल मात्र आईशी तुम्हीच बोला.

तुमची,
मनू