वाघ नसलेली पानं

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

तुम्ही पाठवलेलं खोकं मिळालं. बाकीची पुस्तकं अजून खोक्यातच आहेत, कारण सगळ्यात वर ‘कॅल्व्हिन अँड हॉब्स’ निघालं, तेच ते छोट्या कॅल्व्हिनच्या आणि त्याच्या हॉब्स नावाच्या कापडी वाघाच्या चित्रकथांचं पुस्तक. आई, तू त्याच्या पाठीला लावलेला सेलोटेप पिवळा पडून कडक झालाय, पण पान एकही निसटलेलं नाही. भांडी तशीच टाकून ओट्याशी उभ्याने वाचत राहिले.

लहानपणी माझा नियम साधा होता. वाघ दिसला की वाचायचं, नुसते आई-बाबा बोलत असले की पान उलटायचं. या वेळी मात्र त्याच पानांवर अडकले.

जुने फोटो कृष्णधवल का असतात, असं कॅल्व्हिन विचारतो, तर बाप शांतपणे सांगतो की तेव्हा जगच काळंपांढरं होतं, रंग नंतर आले! बाबा, हे तर तुम्हीच. चंद्र आपल्या मागेमागे येतो कारण त्याचं तुमच्याकडे काम आहे, हे मी दुसरीपर्यंत खरं धरून चालले होते. वर्गात ते सांगितल्यावर माझी जी शोभा झाली, तिचा हिशेब बाकी आहे.

आणि एक गंमत. ही मालिका 1985 ते 1995 चालली, पण त्या आईबापांना शेवटपर्यंत नाव नाही. ती काढणाऱ्या बिल वॉटरसनने ते मुद्दामच ठेवलं नाही; ती दोघं कॅल्व्हिनचे आई-बाबा, बस. 1988मध्ये त्याने कॅल्व्हिनच्या बाबांच्या भावाला, मॅक्सकाकाला, पाहुणा म्हणून आणलं आणि पंचाईत झाली. सख्खा भाऊ, पण नावाने हाक मारता येईना! काका पुन्हा आलाच नाही. मी हसले खरी, पण आई, तुझ्या मैत्रिणी तुला नावाने हाक मारायच्या तेव्हा मला किती राग यायचा, आठवतं?

1989च्या एका गोष्टीत सगळे लग्नाला गेलेले असताना घरात चोरी होते. कॅल्व्हिनला काळजी एकच, घाईत घरी राहिलेल्या हॉब्सची. तो सापडतो, त्याच्यापुरतं संपतं. माझंही तिथेच संपायचं. पण पुढे रात्री कॅल्व्हिनचे आई-बाबा अंथरुणात जागेच आहेत. बाप म्हणतो, लहानपणी वाटायचं मोठ्यांना सगळं ठाऊक असतं; सगळं आयत्या वेळी सुचेल तसं निभवायचं असतं हे कळलं असतं, तर मोठं व्हायची एवढी घाई केली नसती.

बाबा, तुमची नोकरी गेली तेव्हा मी तिसरीत होते. रात्री पाणी प्यायला उठले तर तुम्ही दोघं टेबलाशी बसलेले. तुम्ही एका वापरलेल्या पाकिटाच्या पाठीवर आकडे मांडत होतात. मला बघितलंत आणि पाकीट पालथं केलंत, अगदी सहज, जणू त्यावर धूळ होती. आईने पाणी दिलं, पांघरूण नीट केलं. मी दोन मिनिटांत झोपले असेन.

त्यानंतर तुम्ही किती वेळ जागे होतात? बेरीज जुळली होती का?

बाबा म्हणतील, काही आठवत नाही. आई, तू लिही.

तुमची,
लेक