रिंग रोड म्हणजे ट्रॅक नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रात्री गाड्या पळवणाऱ्या पोट्ट्यांसाठी रविवारी पहाटे रिंग रोडचा एक सरळ पट्टा मोकळा सोडावा, असं एका वाचकाने गेल्या आठवड्यात सुचवलं. हेतू चांगला आहे. पण मी तीस वर्षं नागपूरच्या महाल भागात गॅरेज चालवलं आणि याच पोट्ट्यांच्या वाकलेल्या हँडलवर पोट भरलं, म्हणून लिहितो.

नव्वदच्या दशकात एका गिऱ्हाईकाची आरएक्स १०० मोटरसायकल जी.टी. एक्स्प्रेसने पार्सल करून मी त्याच्याबरोबर मद्रासला शर्यतीसाठी गेलो होतो. श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, ३.७१७ किलोमीटर, १२ वळणं. तिथल्या मोटर स्पोर्ट्स क्लबने तो १९९० मध्ये सुरू केला. त्याआधी शर्यती शोलावरमला, दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर होत. म्हणजे सरळ पट्ट्याचा प्रयोग त्यांचा करून झालेला, तरी त्यांनी वेगळी जमीन घेऊन वळणांचा ट्रॅक बांधला.

सरळ रस्त्यावर इंजिन कळतं, चालवणारा कळतो तो वळणावर. बाहेरच्या कडेने यायचं, ब्रेक आधीच मारून घ्यायचा, आतली कड शिवायची, पुन्हा बाहेर. त्याला रस्त्याची अख्खी रुंदी लागते आणि समोरून ट्रक येणार नाही याची खात्री. चुकलं तर घसरत जायला मोकळी जागा. रिंग रोडवर त्या जागी दुभाजक आहे.

आमची गाडी तपासणीतूनच परत पाठवली होती. गिअर ऑइलच्या ड्रेन बोल्टला तार बांधली नव्हती! तेव्हा मला रागच आला. पण बोल्ट सुटून तेल सांडलं की मागचे सगळे आडवे. रविवारी पहाटे हे बोल्ट कोण बघणार?

ट्रॅक मागायचाच तर छोटा मागा. ग्रेटर नोएडाचा बुद्ध ट्रॅक ५.१२५ किलोमीटरचा, पण फॉर्म्युला वन तिथे २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षं आली. कोइम्बतूरचा करी स्पीडवे जेमतेम २.१ किलोमीटरचा, आणि शिकाऊ पोरांना तेवढा पुरतो. (आपल्याकडे मे महिन्यात दुपारी मात्र तो बंदच ठेवावा लागेल, बाप्पा!)

शेवटी तार बांधून आमचा गडी शर्यतीत उतरला आणि शेवटून दुसरा आला. येताना नागपूर येईपर्यंत तो मला एकच वळण हाताने काढून दाखवत होता.

आपला,
एक जुना मेकॅनिक, महाल, नागपूर