प्रत्येक प्रबंधाला प्रश्नावली कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्यशास्त्रात एम.ए. करून राजकीय सिद्धांत, नीतिशास्त्र किंवा शैक्षणिक धोरण यांत पीएच.डी. करू पाहणारी सोलापूरकडची मुलं संशोधनाच्या आराखड्यापाशीच अडतात. विषय न्यायाचा असला तरी त्याला गृहीतक, शंभर शिक्षकांचा नमुना आणि प्रश्नावली जोडायला लावतात. हाती येतात टक्केवारीचे तक्ते. पण बहुसंख्य शिक्षकांना एखादी गोष्ट योग्य वाटते म्हणून ती योग्य ठरत नाही. तिथे युक्तिवादच लागतो.

शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी राखलेले 25 टक्के प्रवेश घ्या. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला त्यातून सूट, असा बदल राज्य सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये केला. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. जवळ सरकारी शाळा आहे म्हणजे संधी समान झाली का? विडी कामगाराचं आणि डॉक्टरचं मूल एका बाकावर बसणं, हेच एक स्वतंत्र मूल्य नाही का? न्यायाचे सिद्धांत मांडणारे जॉन रॉल्स आणि अमर्त्य सेन हे विचारवंत इथे वेगवेगळ्या वाटांनी जातात, आणि प्रबंध खरा तिथे सुरू होतो. त्यासाठी अधिसूचना, निकालपत्र आणि यू-डायस या शालेय माहितीच्या सरकारी संचातले आकडे पुरतात. आराखड्यात एकच प्रश्न, त्यावरच्या दोन परस्परविरोधी भूमिका आणि आपल्या भूमिकेवरचा सर्वांत जड आक्षेप एवढं नेमकं मांडलं तरी विषय उभा राहतो.

परीक्षांचं गणितही आधीच समजून घ्यावं. सेट ही अध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा मराठीतून देता येते, पण तिच्यावर शिष्यवृत्ती नाही. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती नेट या राष्ट्रीय परीक्षेमधूनच मिळते, पहिली दोन वर्षं दरमहा 37 हजार. खुल्या प्रवर्गाला वयाची अट 30. नेटच्या गुणांवर पीएच.डी. प्रवेश असेल तर त्यांना 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के भार असतो. जेआरएफ नसेल, तर प्रवेशासाठी हे गुण वर्षभरच चालतात. मार्गदर्शकाकडे जागा नसली की तेवढ्यात मुदत टळते.

संशोधन-नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सक्तीचा आहे, पण त्याचा बराच भर वाङ्मयचौर्य आणि प्रकाशनाच्या नियमांवर असतो. नैतिक युक्तिवाद कसा करायचा, हे कोर्सवर्कमध्ये वेगळं शिकवावं लागेल.

संशोधन समित्यांनी सैद्धांतिक विषयांसाठी आराखड्याचा स्वतंत्र साचा ठेवावा आणि त्यातून 'नमुना निवड' हा रकाना वगळावा, ही कळकळीची विनंती.

– राज्यशास्त्राचे काही अध्यापक, सोलापूर