कट-ऑफच्या कोष्टकात न सापडणारी मुले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अकरावीची पहिली गुणवत्ता यादी लागली, की दुसऱ्या दिवशी आपल्या वृत्तपत्रात मुंबईतील नामवंत महाविद्यालयांच्या कट-ऑफचे कोष्टक प्रसिद्ध होते. रुईया, पोदार, झेवियर्स, जय हिंद, वझे-केळकर अशी पंधरा-वीस नावे आणि त्यांच्यासमोर बहुतेक नव्वदीच्या आसपासचे आकडे, हे त्याचे स्वरूप वर्षानुवर्षे ठरून गेले आहे. एका अनुदानित महाविद्यालयाच्या कार्यालयात प्रवेशाच्या खिडकीमागे माझी सत्तावीस वर्षे गेली. त्या कोष्टकाचे कात्रण घेऊन आलेले, वरून खाली बोट फिरवत गेलेले आणि शेवटी ‘यात आमच्या मुलाचं काहीच दिसत नाही’ असे हळू आवाजात म्हणणारे पालक मी दर जूनमध्ये पाहिले. या पत्राचा विषय तेच कोष्टक आहे.

२०२५ च्या दहावीच्या निकालात राज्यातील २११ विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण मिळाले आणि त्यांची बातमी सर्वत्र झाली. त्याच निकालात उत्तीर्ण झालेल्या साडेचौदा लाखांहून अधिक नियमित विद्यार्थ्यांपैकी सुमारे ४ लाख ९७ हजार प्रथम श्रेणीत आणि सुमारे ३ लाख ६० हजार द्वितीय श्रेणीत होते. म्हणजे साडेआठ लाखांहून अधिक मुले पंचेचाळीस ते पंचाहत्तर टक्क्यांच्या पट्ट्यात होती. मधल्या गुणांचा विद्यार्थी हा अपवाद नसून तोच बहुसंख्य आहे, आणि त्याने कोणते महाविद्यालय निवडावे याविषयी छापील मजकूर मात्र जवळजवळ नाही.

जागा नाहीत, अशी या पालकांची पहिली समजूत असते. वस्तुस्थिती उलट आहे. केंद्रीय ऑनलाइन प्रवेशाच्या सर्व फेऱ्या आटोपल्यानंतरही मुंबई महानगर क्षेत्रात अकरावीच्या हजारो जागा दरवर्षी रिकाम्या राहतात. जागा मिळेल की नाही हा बासष्ट टक्केवाल्या मुलापुढचा प्रश्न नाही. कोठली घ्यावी, हा आहे. आणि नेमक्या याच प्रश्नाला कट-ऑफचे कोष्टक उत्तर देत नाही, कारण कट-ऑफ म्हणजे त्या फेरीत शेवटचा प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याचे गुण, त्याहून अधिक काही नाही. त्यातून मागणी कळते, शिकवणे कळत नाही. पंच्याण्णव टक्क्यांची मुले घेऊन बारावीला त्यांना अठ्ठ्याऐंशीवर आणणारी महाविद्यालये मला ठाऊक आहेत आणि साठीची मुले घेऊन त्यांना सत्तरीपार नेणारीही. दुसऱ्या प्रकारच्या महाविद्यालयाचे नाव कोणत्याही कोष्टकात मी पाहिलेले नाही.

माहिती नसली की अर्ज चुकतो. पसंतीक्रमाच्या दहा जागांपैकी आठ जागा लोक नावाजलेल्या महाविद्यालयांनी भरतात आणि उरलेल्या दोन घाईघाईत, कोणी सुचवले म्हणून. पहिल्या फेरीत काहीच हाती लागत नाही, दुसऱ्या फेरीत धीर सुटतो आणि तिसऱ्या फेरीत जे मिळेल ते पदरात पाडून घेतले जाते. मागील वर्षाचे कट-ऑफ प्रवेशाच्या संकेतस्थळावर दिलेले असतात. ते पाहून दोन-तीन नावे आपल्या गुणांपेक्षा थोडी वरची, चार-पाच बरोबरीची आणि उरलेली हमखास मिळणारी, असा अर्ज भरला तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. एक गैरसमज तर फारच पक्का बसलेला आहे: एखादे महाविद्यालय सातव्या क्रमांकावर लिहिले, तर ते पहिल्या क्रमांकावर लिहिणाऱ्याला आधी मिळते. तसे होत नाही. वाटप गुणांच्या क्रमाने होते. वरच्या सहा ठिकाणी जागा नसेल तर सातव्या ठिकाणी तुमच्यापेक्षा कमी गुणांच्या, पण ते पहिल्या पसंतीचे ठेवणाऱ्या मुलाच्या आधी तुमचाच विचार होतो. मात्र पहिली पसंती मिळाली तर तेथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांची दारे बंद होतात. म्हणून पहिल्या ओळीत लिहायचे नाव सर्वांत विचारपूर्वक लिहावे.

खिडकीवरचा सर्वाधिक वादाचा मुद्दा शुल्काचा असे. एकाच महाविद्यालयात, एकाच इमारतीत वाणिज्य शाखेची अनुदानित तुकडी आणि स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे शुल्कातूनच खर्च भागवणारी, तुकडी असते. अर्जात त्यांचे सांकेतिक क्रमांक वेगळे असतात आणि शुल्कात जमीन-अस्मानाचा फरक असतो. महाविद्यालयाच्या नावाकडे पाहून चुकीचा क्रमांक भरला जातो आणि शुल्काची पावती पाहिल्यावर आई-वडील एकमेकांकडे पाहू लागतात. तुकडी बदलून द्या, असे मला हात जोडून सांगणारे लोक भेटले. ते माझ्या हातात नसे. अनुदानित तुकडीसाठी दोन-तीन टक्क्यांनी कमी कट-ऑफचे, कमी प्रसिद्धीचे महाविद्यालय घ्यावे लागले, तरी साधारण उत्पन्नाच्या घराने ते खुशाल घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत पदवीच्या प्रथम वर्षाला त्याच महाविद्यालयातून बारावी झालेल्या विद्यार्थ्यांना प्राधान्य मिळते. ऐंशी-नव्वद टक्केवाल्याला याचे फारसे महत्त्व नाही, तो कोठेही जाईल. बारावीला अठ्ठावन्न टक्के मिळतील अशी शक्यता असलेल्या मुलीसाठी मात्र अकरावीची निवड ही प्रत्यक्षात पाच वर्षांची निवड असते. ज्या आवारात पदवी महाविद्यालयही आहे, तेथे अकरावीला शिरणे हा तिचा पुढच्या प्रवेशाचा विमा आहे. शाळेला जोडलेल्या कनिष्ठ महाविद्यालयांत ही सोय नसते. पण तेथे वर्गात मुले कमी आणि शिक्षक नावाने ओळखणारे असतात, हेही खरे. आपल्या मुलाला यांपैकी कशाची गरज जास्त आहे, हे घरच्यांनाच ठरवावे लागेल.

(विषयांविषयी थोडे विषयांतर करतो. वाणिज्य शाखेत दुसरी भाषा सोडून ‘आयटी’ घेण्याची लाट आहे, कारण त्यात गुण भरपूर मिळतात. गुण मिळतात हे खरे. पण दहावीला मराठीत चांगले गुण असलेली मुलेसुद्धा वेगळे शुल्क भरून मराठी सोडतात, तेव्हा मला वाईट वाटल्याशिवाय राहत नाही.)

अंतराचा विचार तर मुंबईकर करीतच नाहीत. येथे सगळेच लोकलने जातात, असे आपण धरून चालतो. बदलापूरहून चर्चगेटला किंवा विरारहून माटुंग्याला रोज येणारा अठरा वर्षांचा मुलगा दिवसाचे साडेतीन-चार तास गाडीत आणि फलाटावर घालवतो. हुशार मूल ते निभावून नेते. ज्याला एक धडा दोनदा वाचल्याशिवाय कळत नाही, त्याचा तो दुसऱ्यांदा वाचण्याचा वेळच गाडीत जातो, आणि पंचाहत्तर टक्के हजेरीची अट पाळताना त्याची दमछाक होते. घरापासून पाऊण तासाच्या आत असलेले साधे महाविद्यालय त्याला अधिक मानवते. माझ्या पुतणीच्या बाबतीत आम्ही अशा साध्या महाविद्यालयाचा विचार केला नाही, नावाला भुललो. तिला दहावीला चौसष्ट टक्के होते. बारावीनंतर उपनगरातील एका महाविद्यालयात आकर्षक नावाच्या स्वयंअर्थसहाय्यित पदवी अभ्यासक्रमाला तिचा प्रवेश आम्ही अभिमानाने घेतला. पहिल्या वर्षात एका विषयाचे तीन प्राध्यापक बदलले, कारण सगळे तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मोबदल्यावर होते आणि ज्याला बरी नोकरी मिळे तो जाई. प्रवेशाआधी मी तेथे गेलो होतो खरा, पण रविवारी, माहितीपत्रक घ्यायला. एखाद्या मंगळवारी अकरा वाजता गेलो असतो, तर निम्मे वर्ग रिकामे दिसले असते. सत्तावीस वर्षे त्याच व्यवसायात काढलेल्या माणसाला हे सुचू नये, याचे शल्य अजून आहे.

अभ्यासक्रमांच्या नावांचेही तेच. बीएमएस, बीबीए, बीसीए हे व्यवस्थापन आणि संगणक विषयांचे पदवी अभ्यासक्रम २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि त्यांच्यासाठी राज्याची प्रवेश परीक्षा सुरू झाली. ती टाळण्यासाठी अनेक महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून त्याला बी. कॉम.ची शाखा केले. अभ्यास तोच, शिकवणारे तेच, पदवीवरचे नाव वेगळे. पालकांनी पाटी न वाचता विद्यापीठाकडून नेमकी कोणती पदवी मिळणार हे लेखी विचारावे. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ या राष्ट्रीय संस्थेची श्रेणी संपूर्ण महाविद्यालयाची असते, त्यातील एखाद्या नव्या अभ्यासक्रमाची नव्हे, हेही ध्यानात असावे.

विज्ञानाकडे वळणाऱ्या मधल्या विद्यार्थ्याविषयी माझे अनुभव संमिश्र आहेत. पासष्ट टक्क्यांवर अकरावी विज्ञान घेऊन, क्लासशी साटेलोटे असलेल्या महाविद्यालयात केवळ नाव नोंदवून दोन वर्षे काढायची आणि शेवटी सीईटीत, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत, जेमतेम पर्सेंटाइल मिळवायचे, यापेक्षा दहावीनंतर तंत्रनिकेतनात पदविका घेणे पुष्कळ मुलांच्या प्रकृतीला अधिक जुळते. तेथील प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो आणि पदविका पूर्ण झाल्यावर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला पदविकेच्या गुणांवर जाता येते, त्यासाठी सीईटी द्यावी लागत नाही. हातांनी चटकन शिकणारी, पण वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या शर्यतीत मागे पडणारी मुले या वाटेने नीट पोहोचलेली मी पाहिली आहेत.

ज्यांनी सीईटी दिलीच आहे, त्यांच्यासाठी दोनच गोष्टी. सत्तर पर्सेंटाइल म्हणजे सत्तर टक्के गुण नव्हेत. परीक्षा दिलेल्यांपैकी सत्तर टक्के मुले आपल्याइतकी किंवा आपल्याहून मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. दुसरी गोष्ट पैशांची आहे. राज्य शासनाची शुल्क-सवलत, म्हणजे कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील मुलांना निम्मे शिक्षण शुल्क आणि त्याच उत्पन्नमर्यादेतील ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) व ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून पूर्ण माफी, ही केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे शासनाच्या सामाईक फेऱ्यांतून झालेल्या प्रवेशालाच लागू आहे. आमच्या इमारतीतील एका कुटुंबाने पहिल्या फेरीत नाव आले नाही म्हणून घाबरून एका खासगी संस्थेत संस्था स्तरावरील, म्हणजे संस्था स्वतः भरते ती, जागा घेतली. पुढच्या फेरीत त्या मुलीच्या गुणांइतक्याच गुणांवर जवळच्याच महाविद्यालयातील जागा वाटली गेली. चार वर्षांच्या शुल्काचा हिशेब मी त्यांना करून दाखवला नाही. त्यांनी तो आधीच केला होता.

संपादक महोदय, माझी विनंती एवढीच आहे. नव्वदीचे कोष्टक जरूर छापावे, त्या मुलांनी कष्ट केले आहेत. त्याच्या शेजारी दुसरेही एक कोष्टक असावे: पन्नास ते पंचाहत्तर टक्क्यांना जेथे प्रवेश मिळाला, अशी मुंबई, ठाणे, वसई-विरार आणि नवी मुंबईतील महाविद्यालये, त्यांच्या अनुदानित व विनाअनुदानित तुकड्यांचे शुल्क, त्याच महाविद्यालयाचा बारावीचा निकाल आणि शिक्षकांच्या किती जागा रिक्त आहेत. यातील पहिल्या दोन बाबी संकेतस्थळावरून मिळतील. निकाल महाविद्यालये विचारल्यास सांगतात. रिक्त जागांचा आकडा कोणी सुखासुखी देणार नाही, तो आपल्या बातमीदारांना काढावा लागेल, आणि माझ्या अनुभवानुसार त्या चारांत सर्वांत महत्त्वाचा तोच आहे.

हे कोष्टक पहिली यादी लागण्यापूर्वी, अर्जाचा दुसरा भाग, म्हणजे पसंतीक्रम, भरण्याच्या आठवड्यात प्रसिद्ध झाले तरच उपयोगाचे. नंतर ते केवळ वाचनीय राहील. तसे झाल्यास आमच्या विभागातील सार्वजनिक वाचनालयाच्या फलकावर ते लावण्याची आणि संध्याकाळी सहा ते आठ तेथे बसून पालकांचे अर्ज तपासून देण्याची जबाबदारी मी घेतो. गेल्या वर्षी कात्रणाशिवाय बसलो होतो. बेचाळीस कुटुंबे आली.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त मुख्य लिपिक,
मुलुंड (पूर्व), मुंबई