मंत्रीमहोदय, 17 नंबरची सीट रिकामीच गेली

मा. मंत्रीमहोदय,
स.न.वि.वि.

पत्रास कारण की मागच्या गुरुवारी पहाटे साडेपाचला आमच्या स्टँडवरून नववीची सहल पन्हाळ्याला गेली आणि माझा पोरगा चिवड्याचा डबा घेऊन आमच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. त्याला ऑटिझम आहे. आदल्या रात्री नऊला सरांचा फोन, "ताई, त्याची जबाबदारी कोण घेणार, पैसे सोमवारी परत देतो." सोमवार गेला, पैसे पण आले नाहीत, ते जाऊ द्या.

तुम्ही म्हणाल एका सहलीचं काय एवढं. सांगते. ह्याला पंधरा वर्षांत एक मित्र नव्हता. एसटीचं टाईमटेबल मात्र तोंडपाठ, कुणी "जेवलास का" विचारलं तर हा सांगणार पुणे विनाथांबा सव्वादोनला. पोरं हसायची. जूनमधे वर्गात एक नवा मुलगा आला, बाजूच्या गावातून एसटीने येणारा, त्याने विचारलं पावणेसहाची चुकली तर पुढची कधी रे, तिथून दोघांचं जमलं. सहलीची नोटीस लागल्यावर ह्याने वाया गेलेल्या झेरॉक्सच्या पाठीमागे लिहून काढलं "मी तुझ्या शेजारी बसू का?" आणि तीन आठवडे आरशासमोर म्हणत होता. तीन आठवडे साहेब! शेवटी विचारलं. तो म्हणाला, "बस की, त्यात काय विचारायचं." दोघांनी 17-18 नंबर ठरवले.

मागे तुमच्याच मेळाव्यात तुम्ही म्हणाला होतात की शाळेशाळेत विशेष शिक्षक देऊ. तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या मी पण वाजवल्या. माध्यमिकला 15 दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा हे सुप्रीम कोर्टाने 2021 मधेच सांगितलंय, आमच्याकडे अख्ख्या तालुक्याला एक मॅडम, त्यांच्याकडे कुणी म्हणतं 40 शाळा कुणी म्हणतं 60, खरं काय ते तुम्हीच बघा, वर कंत्राटी. आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 16 (लोक झेरॉक्सला आणतात म्हणून वाचलं) म्हणतं खेळ आणि करमणुकीची संधी पण इतर मुलांसारखीच द्यायची. मग सहल कशात बसते? का ती फक्त चांगल्या पोरांची?

दिव्यांग सर्टिफिकेटचं तर विचारूच नका. सिव्हिलला सहा हेलपाटे, प्रत्येक वेळी दुकान बंद. दुनियेच्या फायली मी पूर्ण करून देते, माझीच पूर्ण होईना. तिथे ऑटिझम किती आहे ते मोजायला 40 प्रश्नांचा तक्ता असतो, त्यात एक प्रश्न आहे बरोबरीच्या मुलांशी मैत्री टिकत नाही का. मी मोठ्या कौतुकाने सांगायला गेले की आता एक मित्र झालाय हो, आणि मागच्या बाकावरची एक आई कानात कुजबुजली, असलं बोलू नका, मार्क कमी पडले तर सर्टिफिकेट हातचं जाईल. गप्प बसले मी. पोराला मित्र आहे ही गोष्ट सरकारपासून लपवायची वेळ आणलीत तुम्ही माझ्यावर.

अपंगचं दिव्यांग केलंत, 2022 ला वेगळा विभाग काढलात, सत्कार झाले. दिव्य तर आम्हीच करतोय. 2011 च्या जनगणनेत ऑटिझमचा रकानाच नव्हता, म्हणजे माझं पोरगं तेव्हा तुमच्या लेखी जन्मलंच नव्हतं म्हणा ना! रस्त्याचं टेंडर महिन्यात निघतं, फ्लेक्स एका रात्रीत लागतात, एका माणसाची नेमणूक करायला मात्र फाईल ह्या टेबलावरून त्या टेबलावर आणि मग निवडणूक, मग आचारसंहिता, मग नवीन मंत्री, परत पहिल्यापासून.

गाडी सुटली तेव्हा पोरगं रडलं नाही. खिडक्या मोजत होता, म्हणाला "आई, 17 रिकामी आहे." दुसऱ्या दिवशी मित्राने सांगितलं की त्याने पन्हाळ्यापर्यंत तिथे स्वतःची बॅग ठेवली, कुणाला बसू दिलं नाही. नववीतल्या पोराला जमलं हे.

आता हा रोज विचारतो पुढची सहल कधी. काय सांगू ते लेखी कळवा.

आपली,
स्टँडसमोरची झेरॉक्सवाली

ता.क. सोबत निवेदनाच्या तीन प्रती जोडल्यात. झेरॉक्स घरचीच आहे, बिल लावलेलं नाही.